पेनिसिलिनचा पहिला वैरी

१९४० सालच्या डिसेंबर महिन्याच्या २८ तारखेस, शनिवारी, इंग्लंडातील ‘नेचर’ या विज्ञानविषयक साप्ताहिकाचा अंक प्रसिद्ध झाला. दुसऱ्याच रात्री जर्मन विमानांनी लंडनच्या जुन्या पेठेवर आगलाव्या बॉम्बचा वर्षाव केला. सेंट पॉलच्या देवळाभोवतालचा भाग पेटला, पुस्तकविक्रेत्यांची कोठारेच्या कोठारे जळून गेली, आणि लंडनने १६६६ नंतर एवढी मोठी आग पाहिली नव्हती असे लोक म्हणू लागले. अशा समयी एका साप्ताहिकाच्या आतल्या पानावरील लहानशा पत्राकडे कोणाचे लक्ष जाणार? आणि ते पत्र तरी कसले, तर काही जंतूंच्या अंगी पेनिसिलिनचा नाश करणारे एक द्रव्य असते, एवढेच सांगणारे. पत्राखाली अर्न्स्ट चेन आणि एडवर्ड अब्राहम अशी दोन नावे होती. ज्या औषधाचे नावही तोवर सामान्य जनांच्या कानी आले नव्हते, जे एकाही रोग्याला उपचार म्हणून टोचण्यात आले नव्हते, त्याच्या वैऱ्याची वर्दी जगाला त्या दिवशी मिळाली. औषधाच्या आधी औषधाचा शत्रू सापडावा, असा योग वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच आढळतो.

पेनिसिलिनच्या शोधाची कथा शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. सप्टेंबर १९२८ मध्ये लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग सुटीहून परतले, जंतू वाढवलेल्या एका काचेच्या बशीत बुरशी धरलेली त्यांना दिसली, आणि त्या बुरशीभोवतालचे जंतू विरघळून गेले होते. मात्र कथा येथेच संपवण्याची जी रीत पडली आहे ती बरी नव्हे. फ्लेमिंग यांना ते द्रव्य शुद्ध रूपात हाती लागले नाही. १९२९ च्या त्यांच्या निबंधानंतर जवळजवळ दहा वर्षे ते प्रकरण पडून राहिले. ते उचलले ऑक्सफर्डच्या सर विल्यम डन विकृतिशास्त्र शाळेने. तेथील प्राध्यापक हॉवर्ड फ्लोरी, हिटलरच्या जर्मनीतून निघून आलेले रसायनज्ञ अर्न्स्ट चेन, आणि हातच्या कामात विलक्षण कुशल असे नॉर्मन हीटली यांनी ते अस्थिर द्रव्य बुरशीच्या रसातून वेगळे काढण्याची युक्ती साधली. २५ मे १९४० रोजी आठ उंदरांना स्ट्रेप्टोकोकस जंतूंची प्राणघातक मात्रा टोचण्यात आली. चौघांना पेनिसिलिन दिले, चौघांना दिले नाही. हीटली पहाटेपर्यंत जागत बसले, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत औषध न मिळालेले चारही उंदीर मेले. उरलेले चार हिंडत होते. ऑगस्टमध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ही वार्ता छापून आली.

याच मंडळींत त्या साली एक सत्तावीस वर्षांचा तरुण रसायनज्ञ येऊन मिळाला होता. एडवर्ड पेन्ली अब्राहम यांचा जन्म १० जून १९१३ रोजी साउदॅम्प्टन येथे झाला. ऑक्सफर्डच्या क्वीन्स महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. पुढील संशोधन त्यांनी सर रॉबर्ट रॉबिन्सन या त्या काळच्या अग्रगण्य रसायनशास्त्रज्ञांच्या हाताखाली केले. नंतर काही काळ ते स्टॉकहोम येथे होते, आणि त्यांची पत्नी नॉर्वेची. स्वभावाने मितभाषी, प्रसिद्धीविषयी उदासीन. फ्लेमिंग यांचे नाव घरोघर झाले, फ्लोरी आणि चेन यांना १९४५ साली फ्लेमिंग यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. अब्राहम यांचे नाव मात्र आज ज्यांच्या रक्तात त्यांच्या शोधाचे औषध प्रत्यही टोचले जाते त्या कोट्यवधी रोग्यांपैकी कोणाला माहीत असेल असे वाटत नाही.

त्यांच्या त्या पहिल्या पत्रातील प्रयोग असा. पेनिसिलिन सर्वच जंतूंना मारीत नाही हे फ्लेमिंग यांनीच नमूद केले होते. आपल्या आतड्यांत वास करणारा कोलाय नावाचा जंतू त्याला दाद देत नव्हता. आता, दाद न देण्याची कारणे अनेक असू शकतात. औषध आत शिरत नसेल, किंवा शिरूनही त्याचे काही चालत नसेल. चेन आणि अब्राहम यांनी कोलाय जंतू भरडून त्यांचा अर्क काढला आणि तो पेनिसिलिनमध्ये मिसळला. काही वेळाने पाहतात तो त्या पेनिसिलिनचा सारा गुण नाहीसा झालेला! हाच अर्क आधी चांगला तापवून मग मिसळला, तर पेनिसिलिन जसेच्या तसे. तापवल्याने ज्याचे सामर्थ्य जाते असे द्रव्य म्हणजे बहुधा विकर, ज्याला रसायनज्ञ एन्झाइम म्हणतात; आपल्या लाळेत पिठूळ अन्न पचवणारे जे द्रव्य असते त्याच जातीचे. पेनिसिलिनचा घास करणारे म्हणून त्यांनी त्याचे नाव पेनिसिलिनेज असे ठेवले.

औषधास जंतू निर्ढावतात ही गोष्ट तोवर अगदीच अज्ञात होती असे नाही. फ्रँकफुर्ट येथे पॉल एर्लिश यांच्या प्रयोगशाळेत १९०७ च्या सुमारासच असे आढळले होते की, निद्रारोगाच्या वर्गातील परोपजीवी जंतूंना एखादे रंगद्रव्य थोडे थोडे देत राहिले तर पुढे त्यांच्या पिढ्याच्या पिढ्या त्या रंगाला जुमानीनाशा होतात. परंतु तेथे नेमके काय घडते ते कोणास दाखवता आले नव्हते. येथे शत्रूचे हत्यारच हाती आले. एवढे असूनही त्या पत्राने कोणाची झोप उडाली नाही, याचे कारण साधे होते. कोलाय जंतू मुळापासूनच दाद न देणारा. गळवे, विषारी जखमा, हाडांतील पू यांना कारण होणारा जो स्टॅफिलोकोकस, त्याच्या अंगी हे विकर चेन आणि अब्राहम यांना मिळाले नव्हते. ज्याच्याशी लढायचे तो निःशस्त्र आहे, मग दूरच्या कोणाजवळ शस्त्र असले म्हणून काय बिघडले?

पुढच्याच फेब्रुवारीत पेनिसिलिनची पहिली खरी कसोटी लागली. ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ रुग्णालयात अल्बर्ट अलेक्झांडर नावाचे एक पोलीस शिपाई मरणपंथास लागले होते. गुलाबाच्या काट्याने ओरखडा पडून त्यांना विषबाधा झाली अशी गोष्ट पुढे फार रूढ झाली. त्यांच्या कन्येने मात्र ती जखम बॉम्बहल्ल्यातली होती असे वृद्धपणी सांगितले. कारण काहीही असो, चेहरा आणि डोके पुवाने भरून गेले होते, एक डोळा काढावा लागला होता. १२ फेब्रुवारी १९४१ रोजी त्यांना पेनिसिलिन टोचण्यास आरंभ झाला, आणि दिवसभरात ताप उतरू लागला, भूक लागू लागली. पण जगातील सारे पेनिसिलिन म्हणजे त्या शाळेत शौचपात्रांतून वाढवलेल्या बुरशीतून निघेल तेवढे! रोग्याच्या मूत्रातून बाहेर पडलेले औषध पुन्हा गाळून काढून तेही टोचण्यात आले. पाचव्या दिवशी साठा संपला. रोग पुन्हा उलटला, आणि १५ मार्च रोजी त्या शिपायाचा अंत झाला. अपुरी मात्रा दिली असता काय होते याचा धडा औषधाच्या पहिल्याच रोग्याने आपले प्राण देऊन घालून दिला असे म्हणावे लागते. पुढचे काही रोगी ऑक्सफर्डकरांनी जाणूनबुजून मुले निवडली, कारण मुलांना औषध कमी लागते.

औषध पुरेसे निर्माण करावयाचे तर ते कशाचे घडलेले आहे ते कळले पाहिजे. येथे अब्राहम यांच्या आयुष्यातील एक नाजूक प्रसंग आला. १९४३ च्या ऑक्टोबरात त्यांनी पेनिसिलिनच्या अणुरचनेविषयी एक कल्पना पुढे मांडली. तीन कार्बन आणि एक नायट्रोजन अशा चार अणूंचे एक आवळ कडे त्या रेणूच्या मध्यभागी आहे, असे तिचे सार. त्यांचे गुरू रॉबिन्सन यांना ती कल्पना मुळीच मान्य नव्हती. एवढे ताणलेले कडे निसर्गात टिकावे कसे, असा आक्षेप होता, आणि आक्षेप घेणारे सामान्य गृहस्थ नव्हते. अब्राहम आपल्या मतावर स्थिर राहिले, आवाज न चढवता. १९४५ साली डोरोथी हॉजकिन या विदुषींनी क्ष-किरणांच्या साहाय्याने पेनिसिलिनच्या स्फटिकाची रचना उलगडली, आणि चार अणूंचे कडे तेथे होते. त्या कड्याला बीटा-लॅक्टम असे म्हणतात.

सारे रहस्य या कड्यात आहे. जंतू आपल्या देहाभोवती जी भिंत बांधतो, तिचे चिरे सांधणारी विकरे असतात. पेनिसिलिन त्यांच्याजवळ जाते, ताणलेले कडे उमलते, आणि ते त्या विकराला कायमचे चिकटून बसते. गवंड्याचा हातच जणू चुन्यात अडकतो. भिंत अपुरी राहते आणि जंतू फुगून फुटतो. आपल्या पेशींना अशी भिंत नसते, म्हणून औषध आपल्याला अपाय करीत नाही. पेनिसिलिनेज काय करते, तर त्या कड्यात आधीच पाण्याचा एक रेणू घालून ते मोडून टाकते. विंचवाची नांगी छाटावी तसा प्रकार. मागे राहते ते निरुपद्रवी आम्ल.

युद्धाच्या धामधुमीत पेनिसिलिन अमेरिकेत गेले, तेथे हंड्यांचे टाक्या आणि टाक्यांचे कारखाने झाले, आणि १९४४ च्या नॉर्मंडीच्या चढाईपर्यंत सैन्यास ते पुरू लागले. त्याच साली अमेरिकेत विल्यम कर्बी यांनी दाखवून दिले की, स्टॅफिलोकोकसच्या काही वाणांजवळ पेनिसिलिन निकामी करणारे द्रव्य आहे. म्हणजे ज्याला निःशस्त्र समजलो होतो त्याच्या घरातही तलवार होती! डिसेंबर १९४५ मध्ये स्टॉकहोम येथे नोबेल व्याख्यान देताना फ्लेमिंग यांनी इशारा दिला: घसा दुखतो म्हणून कोणी स्वतःच थोडेसे पेनिसिलिन विकत आणून घेईल, जंतू मरण्याऐवजी शहाणे होतील, आणि तेच जंतू त्याच्या पत्नीला जडले म्हणजे औषध चालणार नाही, ती मेली तर तिच्या मृत्यूचा धनी तो पतीच. अर्थात् ‘जंतू शहाणे होतात’ ही बोलण्याची पद्धत झाली. साल्व्हादोर लुरिया आणि मॅक्स डेलब्रुक यांनी १९४३ सालीच असे सिद्ध केले होते की, जंतूंमधील असा बदल आपत्ती आल्यावर घडत नाही. लक्षावधी जंतूंत एखाद-दुसरा तसा आधीपासूनच उपजलेला असतो. औषध इतरांस मारते, आणि मोकळे रान त्या एकट्याला मिळते.

हे रान किती झपाट्याने मोकळे झाले त्याची मोजदाद लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात मेरी बार्बर नावाच्या विदुषीने ठेवली. तेथील रोग्यांत आढळणाऱ्या स्टॅफिलोकोकसपैकी १९४६ साली शेकडा १४ वाण पेनिसिलिनला न जुमानणारे होते. १९४७ साली शेकडा ३८. १९४८ साली शेकडा ५९. तीन वर्षांत! आणि त्या सर्वांजवळ ऑक्सफर्डच्या त्या दोघांनी वर्णन केलेल्या जातीचेच शस्त्र होते. रुग्णालय म्हणजे रोग बरे करण्याचे ठिकाण. पण तेथेच सर्वांत अधिक औषध वापरले जाते, म्हणून तेथेच निर्ढावलेले जंतू पोसले जातात, आणि बाळंतिणी, तान्ही मुले, शस्त्रक्रिया झालेले रोगी यांना घेरतात. बार्बर यांनी पुढे आपल्या रुग्णालयात औषधांच्या वापरावर कडक निर्बंध घातले आणि निर्ढावलेल्या जंतूंचे प्रमाण उतरवून दाखवले, हे त्यांचे काम आकड्यांइतके प्रसिद्धीस आले नाही याचा खेद वाटतो.

आता कथेचा प्रवाह भूमध्य समुद्रातील सार्डिनिया बेटाकडे वळतो. कालियारी नगरातील विद्यापीठात ज्युसेप्पे ब्रोत्झू हे आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक होते. त्या नगरात विषमज्वराचा, म्हणजे टायफॉइडचा, वास नित्याचा. शहराचे मैलापाणी सू सिक्कू येथे समुद्रास मिळे, आणि त्याच पाण्यात तरुण मुले खुशाल पोहत असत; तरी पोहणारे त्या मानाने आजारी पडत नसत. अन्य कोणी याला दैव म्हटले असते. ब्रोत्झू यांच्या मनात आले की, त्या पाण्यातच जंतूंना मारणारे काही वाढत असले पाहिजे. १९४५ साली त्यांनी तेथील पाण्यातून एक बुरशी मिळवली, तिचा रस टायफॉइडच्या जंतूंना मारतो असे पाहिले, आणि रोग्यांवर त्याचे काही प्रयोगही केले. पण युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या त्या बेटावर पुढील शोधास साधने नव्हती, पैसा नव्हता. १९४८ साली त्यांनी आपल्या संस्थेतर्फे एक पुस्तिका छापून ते काम तेथेच थांबवले. युद्धकाळात सार्डिनियात आरोग्यखात्याचे काम केलेल्या एका इंग्रज डॉक्टरांशी त्यांचा परिचय होता. त्यांनी ही गोष्ट लंडनला कळवली, लंडनने फ्लोरी यांच्याकडे बोट दाखवले, आणि गटाराच्या मुखाशी सापडलेली ती बुरशी ऑक्सफर्डला अब्राहम यांच्या हाती येऊन पोचली.

अब्राहम आणि त्यांचे सहकारी गाय न्यूटन यांनी तिच्या रसाचे पृथक्करण आरंभले. एक द्रव्य निघाले, ते निरुपयोगी. दुसरे निघाले, ते पेनिसिलिनचाच एक प्रकार ठरला. १९५३ साली त्या दुसऱ्याची छाननी चालू असता त्यात भेसळीसारखे मिसळलेले एक तिसरे द्रव्य अल्प प्रमाणात हाती आले. त्याचे नाव सेफॅलोस्पोरिन सी. जंतू मारण्याचे त्याचे सामर्थ्य बेताचेच होते. एखाद्या घाईच्या माणसाने ते बाजूला सारले असते. परंतु अब्राहम यांनी तेरा वर्षांपूर्वी पेनिसिलिनेज पाहिलेले होते. त्यांनी त्या द्रव्यात पेनिसिलिनेज घालून पाहिले, आणि ते मोडले नाही. उंदरांनाही त्यापासून अपाय होत नव्हता. वैऱ्याची तलवार ज्यावर चालत नाही असे द्रव्य त्याच माणसाच्या हाती यावे ज्याने ती तलवार प्रथम ओळखली, याला योगायोग म्हणावे की सायास, ते ज्याचे त्याने ठरवावे. ब्रोत्झू यांचे श्रेय मात्र अब्राहम यांनी कधीही लपवले नाही.

रचनेचा उलगडा व्हायला आणखी काही वर्षे लागली. त्याही रेणूत चार अणूंचे तेच कडे निघाले. मात्र पेनिसिलिनमध्ये त्याला पाच अणूंचे कडे जोडलेले असते, येथे सहांचे. हॉजकिन यांनीच १९६१ साली क्ष-किरणांनी त्यावर शिक्कामोर्तब केले. क्लीव्हडन येथील सरकारी केंद्रात बुरशीचे अधिक फलदायी वाण तयार झाले, औषधी कंपन्यांच्या रसायनज्ञांनी मूळ रेणूला निरनिराळ्या शेपट्या जोडून पाहिल्या, आणि १९६४ साली पहिली सेफॅलोस्पोरिन औषधे रोग्यांपर्यंत पोचली.

दरम्यान दुसरा मोहरा चेन यांच्या बाजूने पुढे सरकला होता. ज्या दोघांनी मिळून ते पत्र लिहिले, ते आता एकाच शत्रूवर दोन दिशांनी चाल करीत होते. चेन यांच्या सल्ल्याने काम करणाऱ्या बीचम कंपनीने पेनिसिलिनचा गाभा वेगळा काढला, आणि त्यापासून १९६० च्या सुमारास मेथिसिलिन हे पेनिसिलिनेजला न मोडणारे औषध बाजारात आणले. वर्ष पुरे होते न होते तोच, १९६१ साली, लंडनमध्ये पॅट्रिशिया जेव्हन्स यांना मेथिसिलिनलाही न जुमानणारे स्टॅफिलोकोकस आढळले. त्यांनी तलवारीची वाटच सोडली होती. भिंत सांधणारा गवंडीच असा बदलला होता की औषधाला त्याचा हात धरता येऊ नये.

पैशाच्या बाबतीत एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. पेनिसिलिनचे पेटंट ऑक्सफर्डने घेतले नाही. चेन यांचा आग्रह होता, पण वैद्यकातील थोर मंडळींना तो व्यवहार अप्रशस्त वाटला. परिणामी मोठ्या प्रमाणावर उत्पादनाच्या रीतींची पेटंटे अमेरिकेत घेतली गेली, आणि ज्या देशात शोध लागला त्यालाच त्यांचे मोल मोजावे लागले. सेफॅलोस्पोरिनच्या वेळी ही चूक टाळण्यात आली. अब्राहम आणि न्यूटन यांच्या वाट्याला त्यामुळे अपार धन आले. अब्राहम यांनी त्यातील फार मोठा भाग विश्वस्त निधी स्थापून संशोधनाला दिला. डन शाळा, लिंकन महाविद्यालय आणि आपण शिकलो ती साउदॅम्प्टनची शाळा यांना ते विसरले नाहीत. १९६४ ते १९८० पर्यंत ते ऑक्सफर्ड येथे रासायनिक विकृतिशास्त्राचे प्राध्यापक होते. १९८० साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १९९९ च्या मे महिन्यात, शहाऐंशीवे वर्ष पुरे होण्यास महिना उरला असता, ते निवर्तले. राहणी अखेरपर्यंत साधी.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी संबंध पिंपरीच्या कारखान्याने जोडला. स्वतंत्र भारताने आपले पेनिसिलिन आपण करावयाचे ठरवले, आणि जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली पुण्याजवळ हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. पुढच्या वर्षी तेथे पेनिसिलिन निघू लागले. अशा कारखान्यात टाक्यांत सोडावयाची हवादेखील निर्जंतुक करून घ्यावी लागते. टाकीत जर विकर सोडणारे परके जंतू शिरले, तर बुरशी एका बाजूने औषध करते आणि जंतू दुसऱ्या बाजूने ते खात सुटतात. चेन आणि अब्राहम यांच्या भरडलेल्या जंतूंचीच ती गोष्ट, फक्त हजारो लिटरच्या मापाने. पिंपरीच्याच मातीतील एका सूक्ष्म जीवाला शास्त्रज्ञांनी स्ट्रेप्टोमायसेस पिंप्रिना असे नाव दिले, आणि त्यापासून १९६१ च्या सुमारास तेथील एम. जे. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी हामायसिन हे बुरशीनाशक प्रतिजैविक शोधून काढले. जगाच्या जीवशास्त्रीय कोशात आपल्या एका खेड्याचे नाव अशा रीतीने जाऊन बसले. पिंपरी आता खेडे राहिलेले नाही, ही गोष्ट वेगळी.

इकडे जंतूंकडूनही स्वस्थता नव्हती. १९५९ साली जपानमध्ये असे उघडकीस आले की, औषधांना न जुमानण्याचा गुण एक जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूला सरळ देऊ शकतो. आतड्यातला गरीब कोलाय आणि रक्ती हगवणीचा जंतू एकत्र आले असता, एकाजवळचा हा गुण दुसऱ्यात उतरला. तोही एका औषधाविरुद्धचा नव्हे, चार चार औषधांविरुद्धचा एकदम. केइओ विद्यापीठातील त्सुतोमू वातानाबे यांनी १९६३ साली या साऱ्या कामाचा इंग्रजीत आढावा घेतला, तेव्हा पश्चिमेकडील लोक खडबडून जागे झाले. बापाची इस्टेट मुलाला मिळते हे सर्वांना ठाऊक होते. येथे ती रस्त्यात भेटलेल्या परक्याला मिळत होती. १९६५ साली अथेन्समधील एका रुग्णापासून मिळालेल्या कोलाय जंतूत असेच फिरते विकर सापडले, आणि त्या रुग्णाच्या नावातील आद्याक्षरांवरून त्याला टेम असे नाव पडले. १९४० साली ज्या दूरच्या शत्रूकडे दुर्लक्ष करण्यात आले होते तो आता घरोघर हिंडू लागला. १९८३ साली जर्मनीतून वृत्त आले की, या फिरत्या विकरांनी आपले रूप किंचित् बदलले असून त्यांना आता नव्या सेफॅलोस्पोरिनांची कडीही मोडता येतात. अब्राहम यांनी तेही पाहिले.

हे सर्व मनुष्याच्या औषधांनीच निर्माण केले, अशी एक समजूत आहे. ती तितकीशी खरी नाही. कॅनडाच्या यूकॉन प्रांतात ३०,००० वर्षे गोठून राहिलेल्या मातीत अशा विकरांचे बीज सापडल्याचे २०११ साली प्रसिद्ध झाले. बुरशी आणि जंतू यांचे वैर मनुष्याहून फार जुने आहे. तलवारी आधीपासून होत्याच. मनुष्याने केले ते एवढेच की, ज्यांच्याजवळ त्या नव्हत्या त्यांना सरसकट मारून ज्यांच्याजवळ होत्या त्यांचे राज्य केले. २०१९ या एका वर्षात निर्ढावलेल्या जंतूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे प्रत्यक्ष दगावली असा शास्त्रज्ञांचा हिशेब २०२२ साली छापून आला.

भारतातील आजचे चित्र प्रत्येक कुटुंबाच्या औषधाच्या डब्यात दिसते. डॉक्टरांनी सात दिवसांसाठी दिलेल्या गोळ्यांपैकी तीन उरलेल्या. पुढच्या खेपेस दुसऱ्याच कोणाला ताप आला की त्या काढायच्या. फ्लेमिंग यांचा तो पती आपल्या आळीतच राहतो. सरकारने १ मार्च २०१४ पासून औषधविक्रीच्या नियमांत एच-१ नावाची नवी सूची अंमलात आणली. तीत पुढच्या पिढ्यांची सेफॅलोस्पोरिने आहेत; ती चिठ्ठीवाचून विकू नयेत आणि विक्रीची नोंदवही तीन वर्षे जपून ठेवावी असा दंडक आहे. दंडक किती पाळला जातो हे ज्याला पाहायचे असेल त्याने कोपऱ्यावरील दुकानात घटकाभर उभे राहावे. २००९ साली एका नव्या विकराला नवी दिल्लीचे नाव देण्यात आले तेव्हा देशात मोठा क्षोभ झाला. स्वीडनमधील ज्या रोग्याच्या अंगी ते सापडले तो आधी दिल्लीच्या रुग्णालयात होता. शहराचे नाव रोगाला देणे अनुचित होते यात संशय नाही. पण नावावरून जेवढे भांडण झाले त्याच्या चतुर्थांशही चर्चा सांडपाण्यावरून झाली नाही.

आणि विषमज्वराचे काय झाले? ब्रोत्झू यांनी ज्याच्यासाठी समुद्राचे पाणी तपासले तो रोग १९४८ पासून क्लोरॅम्फेनिकॉल या दुसऱ्याच औषधाने बरा होऊ लागला. १९७२ साली केरळात कालिकत येथे आणि त्याच वर्षी मेक्सिकोत असा टायफॉइड उद्भवला की त्यावर ते औषध चालेना. पुढे एकामागून एक औषधे हरली, तेव्हा वैद्य सेफ्ट्रायॅक्सोन या सेफॅलोस्पोरिनकडे वळले. कालियारीच्या बुरशीचा वंशज अशा रीतीने ज्या रोगासाठी प्रथम शोधला गेला त्याच रोगावर पुन्हा कामास आला, आणि बरीच वर्षे आला. २०१६ साली सिंध प्रांतातील हैदराबाद शहरात मुलांना होणारा ताप सेफ्ट्रायॅक्सोननेही उतरेना. तपासाअंती टायफॉइडच्या जंतूने कोलायसारख्या शेजाऱ्यांत फिरणारे एक विकर उचलल्याचे दिसले, आणि रोग्यांची घरे नकाशावर मांडली असता ती मैलापाण्याच्या वाहिन्यांच्या आसपास दाटलेली निघाली. गोळीने घेण्यासारखे अॅझिथ्रोमायसिन आणि टोचून देण्याची काही मोजकी औषधे एवढाच उपाय उरला. पाकिस्तानने मग लस टोचण्याचे ठरवले. नोव्हेंबर २०१९ मध्ये सिंधमध्ये नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना ती देण्यात आली. ती लस बनली होती दुसऱ्या हैदराबादेत, भारतातल्या.